अंग चोरून जगणे

माणसाने घरात एका प्रकारे आणि बाहेर दुसऱ्या प्रकारे वागावे, यात खोटेपणा आहे काय? प्रश्न जुनाच आहे. आपल्या संतपरंपरेने बोलणे आणि चालणे यांच्या एकवाक्यतेला मोठे मोल दिले, आणि आत एक व बाहेर एक असणाऱ्याला दांभिक म्हटले. परंतु संसारात वावरणाऱ्या, विशेषतः पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्या माणसाला हा दंडक जसाच्या तसा लावू गेले तर कोणीच निर्दोष ठरणार नाही. आपल्या घरांत उंबरठ्याच्या आत मराठी असते, आणि उंबरठा ओलांडला की हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू सुरू होते. भाषेबरोबर हसण्याची रीत बदलते, आदर दाखवण्याची रीत बदलते, थट्टेचे विषयही बदलतात. याला आपण दंभ म्हणत नाही, व्यवहार म्हणतो. मग हा व्यवहार नेमका कोठे संपतो आणि स्वतःशी केलेली प्रतारणा कोठे सुरू होते? हा प्रश्न अलीकडे मला अशा एका पुस्तकाने नव्याने विचारावयास लावला, जे माझ्या वयाच्या वाचकासाठी लिहिलेलेच नाही.

'द हेट यू गिव्ह' ही अँजी थॉमस या अमेरिकन लेखिकेची पहिली कादंबरी. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि २०१८ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी म्हणून इंग्रजीत ग्रंथांचे जे स्वतंत्र दालन आहे, त्यातले हे पुस्तक. (आपल्याकडे या वयाच्या मुलांना एकदम बालवाङ्मयातून उचलून प्रौढांच्या कादंबऱ्यांत नेऊन सोडण्याची प्रथा आहे. मधल्या पायऱ्या फारच थोड्या. त्याविषयी पुन्हा केव्हा तरी.) पुस्तक हातात घेताना मला वाटले होते की, शाळा, मैत्रिणी, पहिले प्रेम आणि आईवडिलांशी खटके असा हलकाफुलका मजकूर असेल. तो सर्व मजकूर त्यात आहे. पण तो ज्या घटनेभोवती उभा आहे ती घटना हलकीफुलकी नाही.

थॉमस या मूळच्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराच्या. त्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहात आणि बहुसंख्य विद्यार्थी गोरे असलेल्या महाविद्यालयात शिकायला जात. १ जानेवारी २००९ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ऑस्कर ग्रांट हा बावीस वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण रेल्वे पोलिसाच्या गोळीने मरण पावला. त्या मृत्यूविषयी थॉमस यांना दोन ठिकाणी दोन प्रकारची बोलणी ऐकू आली. घराकडे तो आपल्यातलाच एक मुलगा होता. महाविद्यालयात मात्र, तो पूर्वी तुरुंगात गेलेला, तेव्हा त्याने आपले मरण ओढवून घेतले, असे म्हणणारेही होते. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे बोलणे ऐकत, दोन्हींच्या मधून रोज ये-जा करणाऱ्या त्या विद्यार्थिनीने प्रथम एक कथा लिहिली. तिचीच पुढे ही कादंबरी झाली.

नायिका स्टार कार्टर सोळा वर्षांची आहे. ती गार्डन हाइट्स नावाच्या गरीब, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहते. वडिलांचे तेथे किराणा मालाचे दुकान आहे. आई परिचारिका आहे. वडील तरुणपणी टोळीत होते, तुरुंगात जाऊन आले आणि मग मार्गाला लागले. स्टार दहा वर्षांची असताना तिची बालमैत्रीण नताशा रस्त्यावरच्या गोळीबारात डोळ्यांसमोर मेली. त्यानंतर आईवडिलांनी मुलांना तेथल्या शाळेतून काढून पाऊण तासाच्या अंतरावरील, श्रीमंत गोऱ्यांच्या खासगी शाळेत घातले. म्हणजे ही मुलगी त्या शाळेत हौसेने गेलेली नाही. ती जीव वाचवण्यासाठी गेलेली आहे. हे लक्षात ठेवले नाही तर पुढचे सारे चुकीचे वाचले जाण्याचा संभव आहे.

बारा वर्षांची झाल्यावर तिला घरात दोन उपदेश झालेले आहेत. एक, वयात येणाऱ्या मुलीला आईबाप करतात तो. दुसरा, पोलिसाने अडवले तर काय करावे याचा: हात दिसतील असे ठेवावेत, एकाएकी हालचाल करू नये, विचारल्याशिवाय बोलू नये. हा प्रसंग वाचून मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवले. मी आयुष्यभर शासनाचा नोकर होतो. शासनाच्या गणवेशापुढे कसे उभे राहावे हे बापाने मुलीला घरात शिकवावे लागते, ही गोष्ट माझ्यासारख्याला सहज पचत नाही.

कादंबरीच्या आरंभीच तो उपदेश कामाला येतो आणि पुरा पडत नाही. एका मेजवानीहून परत येताना स्टार आणि तिचा लहानपणचा मित्र खलील यांची गाडी पोलीस अधिकारी अडवतो. खलील खाली उतरतो, गाडीकडे वळून, तू ठीक आहेस ना, एवढे स्टारला विचारण्यासाठी दार उघडतो आणि तीन गोळ्या खाऊन पडतो. गाडीच्या दारात केस विंचरण्याचा एक ब्रश होता. स्टार ही या प्रकाराची एकमेव साक्षीदार. पुढचे सर्व कथानक ती बोलेल की नाही, कोठे बोलेल आणि बोलल्यास काय होईल, यावर चालते.

परंतु मला ज्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे ती त्या रात्रीच्याही आधीपासून चालत आलेली आहे. स्टारने स्वतःचे दोन भाग केले आहेत. शाळेतली स्टार वस्तीतले शब्द वापरत नाही. गंमत अशी की, तेच शब्द तिच्या गोऱ्या मैत्रिणी गाण्यांतून उचलतात आणि मिरवतात. त्यांच्या तोंडी ते शब्द ऐट ठरतात. तिच्या तोंडी आले तर ती 'तसल्या वस्तीतली' ठरते. शाळेतली स्टार रागावत नाही, कारण कृष्णवर्णीय मुली भांडखोर असतात हा समज तेथे तयारच आहे. तिने आवाज चढवला की तो खरा ठरणार. शाळेतल्या मैत्रिणींना ती घरी बोलावत नाही, आणि गोरा मुलगा आपला मित्र आहे हे वडिलांना सांगत नाही. वस्तीतही ती पूर्णपणे कोणाची नाही; तेथल्या मुलींना ती 'तिकडच्या' शाळेत जाणारी वाटते. दोन्ही घरांत तिचे एकेक पाऊल आहे, आणि एकाही घरात तिला मांडी घालून बसता येत नाही.

आपल्या मराठीत या अवस्थेला एक नेमका शब्दप्रयोग आहे: अंग चोरणे. भरलेल्या गाडीत उशिरा चढलेला माणूस जसा खांदे आत घेऊन, कोणाला धक्का लागू नये अशा बेताने उभा राहतो, तसे. स्टार शाळेत अंग चोरून वावरते. इंग्रजीत ज्याला 'फिट होणे' म्हणतात, त्या शब्दात अंगरख्याचे किंवा चपलेचे माप अभिप्रेत आहे; माप कोणाचे हे तो शब्द सांगत नाही. आपल्याकडे यासाठी निदान दोन क्रियापदे आहेत आणि त्यांचे कर्ते निराळे आहेत. नवा माणूस मिसळून जातो. जुनी माणसे त्याला सामावून घेतात. पहिले दुसऱ्यावाचून झाले तर सगळा भार एकट्या नवागतावर पडतो, आणि मग त्याला मिसळण्यासाठी आधी विरघळावे लागते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांनी १९०३ साली 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथात या दुहेरीपणाची मीमांसा केलेली आहे. माणूस स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो आणि त्या डोळ्यांतला तिरस्कारही आपलाच मानू लागतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. ड्युबॉइस यांनी जे विद्वानाच्या भाषेत मांडले, ते थॉमस यांनी शतकानंतर एका शाळकरी मुलीच्या डब्याच्या सुट्टीत दाखवले आहे. मला विचाराल तर दुसरे काम अधिक अवघड आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. स्टार दोन ठिकाणी दोन भाषा बोलते, हा तिचा दोष म्हणता येईल काय? माझ्या मते मुळीच नाही. भाषा, पेहराव, हसण्याची रीत या गोष्टी प्रसंगानुसार बदलणे हा शिष्टाचाराचा भाग आहे. न्यायालयात आणि लग्नघरात एकच माणूस एकाच सुरात बोलू लागला तर त्याला प्रामाणिक नव्हे, असमंजस म्हणावे लागेल. तरीही कादंबरीत एक क्षण असा येतो की, जेथे हा शिष्टाचार संपतो. खलीलच्या मृत्यूची बातमी शाळेत पोहोचल्यावर मैत्रिणी विचारतात, हा तुझ्या वाढदिवसाला आलेला तोच खलील काय? आणि स्टार म्हणते, नाही, मी त्याला ओळखत नाही.

मला वाटते, सगळी कादंबरी या नकारात आहे. गोळीबाराचा प्रसंग भयंकर आहे, पण त्यात स्टारकडे करण्यासारखे काही नव्हते. येथे होते. तिला धाक दाखवणारे कोणी नव्हते. समोर केवळ दोन मैत्रिणी होत्या. शाळेतली तिची जागा टिकावी एवढ्यासाठी तिने मेलेल्या मित्राची ओळख नाकारली. व्यवहाराची आणि प्रतारणेची सीमा मी शोधत होतो, ती मला येथे दिसते. आपण कसे बोलतो यावरून ती ठरत नाही. स्वीकारले जाण्यासाठी आपल्याला कशाविषयी गप्प बसावे लागते, कोणाला अनोळखी म्हणावे लागते, यावरून ती ठरते. आपली भाषा बाजूला ठेवता येते आणि संध्याकाळी पुन्हा उचलता येते. नाकारलेला माणूस तसा पुन्हा उचलता येत नाही. स्टारला तर ते कदापि शक्य नाही, कारण तो माणूस मेलेला आहे.

यावर असे म्हणता येईल की, सोळा वर्षांच्या, नुकताच मृत्यू पाहिलेल्या मुलीकडून आपण फार मोठी अपेक्षा करीत आहोत. आक्षेप रास्त आहे, आणि लेखिकेलाही तो मान्य असावा. कारण ती स्टारला शिक्षा करीत नाही, केवळ त्या नकाराची टोचणी तिच्या मनात जागी ठेवते. पुढे वृत्तवाहिन्यांवर खलील हा अमली पदार्थ विकणारा गुंड म्हणून रंगवला जातो. वास्तविक तो ते काम करीत होता व्यसनी आईने टोळीप्रमुखाचे जे देणे करून ठेवले होते ते फेडण्यासाठी. हे सांगू शकणारी स्टार गप्प असते, तेव्हा तिच्या गप्प बसण्यात आता केवळ भीती उरलेली नसते. तिच्या मौनाच्या आधारावर दुसऱ्याचे खोटे उभे राहते.

हेली ही या कादंबरीतली गोरी मैत्रीण. ती दुष्ट नाही. कठीण काळात स्टारला सोबत केलेली आहे. मात्र स्टारने समाजमाध्यमावर एमेट टिल याचे छायाचित्र लावल्यापासून हेलीने तिचे पान पाहणे बंद केले आहे. एमेट टिल हा शिकागोचा चौदा वर्षांचा मुलगा १९५५ साली मिसिसिपीत गोऱ्यांकडून अमानुषपणे मारला गेला. जगाने पाहावे म्हणून त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवविली होती. आईने जे पाहायला लावले तेच पाहण्याचा हेलीला कंटाळा आहे. खेळाच्या मैदानावर ती स्टारला उद्देशून तळलेल्या कोंबडीवरून एक शेरा मारते आणि तो झोंबला तर दोष झोंबणाऱ्याचा मानते. मी तर थट्टा केली, हे तिचे उत्तर ठरलेले. आणि पुढे, तो पोरगा नाही तरी कोणाच्या तरी हातून मेलाच असता, अशा अर्थाचे बोलून ती मोकळी होते.

याहून अधिक मला बोचली ती माया. मायाचे कुटुंब चिनी वंशाचे आहे. हेलीने तिला एकदा, सणाला तुमच्याकडे मांजर शिजवतात काय, असे विचारले होते. मायाही हसून गेली होती. वर्षाहून अधिक काळानंतर ती स्टारजवळ ते बोलून दाखवते, आणि दोघींच्या लक्षात येते की, अशी बोलणी आपण चालवून घेतली म्हणून बोलणाऱ्याला ती योग्य वाटू लागली आणि ऐकणाऱ्याला नेहमीची. तिघींच्या मैत्रीत दोघी अंग चोरून बसल्या होत्या आणि दोघींनाही वाटत होते की, आपण एकटीच तशी आहोत.

आपल्या मराठी वाचकाला हा अनुभव परका वाटण्याचे कारण नाही. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो, खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि ती उघड झाल्यावर मार खातो. मराठीत जात 'लपवणे' असेही म्हणता आले असते; पण बागुलांनी 'चोरणे' हा रूढ प्रयोग शीर्षकातच ठेवला. अंग चोरणे आणि जात चोरणे, दोहोंत चोरी स्वतःचीच आहे, तरी चोर म्हणून पकडला जातो तो मात्र चोरी करायला भाग पडलेला माणूस.

बडोद्याच्या वाचकांना दुसरे उदाहरण सांगावयास नको, परंतु इतरांसाठी सांगतो. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून परत येऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अस्पृश्याला हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. तेथे नोंदवहीत त्यांचे नाव खोट्या पारशी नावाने घातले गेले. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेली दहा-बारा पारशी मंडळी दाराशी आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेली. ज्या एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा विचारला, त्या दोघांनीही सबबी सांगितल्या. शेवटी मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दुधात साखर विरघळावी तसे आम्ही येथे मिसळलो, ही पारशी समाजाची कथा गुजरातेत आदराने सांगितली जाते, आणि मध्य भारतातील व बडोद्यातील मराठी घराणीही ती स्वतःला मोठ्या अभिमानाने लावून घेतात. एकदा विरघळलेला समाज पुढच्या नवागताला कसा वागवतो, याची वार्ता मात्र त्या कथेत नाही.

येथे एका मोहापासून सावध राहावयास हवे. परप्रांतातील मराठी माणसाची दुहेरी भाषा आणि स्टारचा दुहेरी जीव या गोष्टी समान नव्हेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आपले पूर्वज बहुतांशी राज्यकर्त्यांबरोबर आले. आपल्या बोलण्याची टिंगल झाली असेल, पण आपल्या जिवावर बेतले नाही. मी शाळेत असताना माझी आई कधी डबा घेऊन फाटकाशी येई. ती मोठ्याने मराठीत हाक मारी आणि मी तिला हिंदीतून उत्तर देई. मित्र ऐकत असत. तिला ते कळत असावे. ती काही बोलली नाही. एवढीच माझी किंमत. ती स्टारच्या किंवा बागुलांच्या नायकाच्या शेजारी ठेवण्याजोगी नाही, हे मी जाणतो. म्हणूनच आपल्यासारख्यांनी हे पुस्तक वाचताना स्वतःला स्टारच्या जागी बसवण्याची घाई करू नये. आपली जागा पुष्कळदा हेलीची असते, आणि त्याहून पुष्कळदा, हेलीच्या थट्टेला हसणाऱ्या वर्गाची.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. हेलीला लेखिकेने उत्तरार्धात फार सोपी करून टाकली आहे. ती थोडी अधिक गोंधळलेली, थोडी अधिक आपल्यासारखी राहिली असती तर वाचकाला निसटायला जागा उरली नसती. शेवटाकडे घटनांची गर्दीही होते. नागरिकांचे ज्युरीमंडळ त्या अधिकाऱ्यावर खटला चालवण्यास नकार देते, दंगल उसळते, वडिलांचे दुकान जळते, स्टार मोटारीवर चढून भोंग्यातून जमावाशी बोलते. इतकी वर्षे अंग चोरणाऱ्या मुलीने एका रात्रीत एवढ्या उंचावर चढावे, हे मला कथेची गरज म्हणून पटते, स्वभावाची वाढ म्हणून तितकेसे पटत नाही. त्याच्या आधीचे, तिने मैत्रिणीला आणि ख्रिसला एकेकट्याला गाठून सांगितलेले, होय, मी खलीलला ओळखत होते, हे लहान बोलणे मला अधिक मोलाचे वाटले. अमेरिकेत काही शाळांच्या ग्रंथालयांतून हे पुस्तक काढले गेले, पोलीस संघटनेनेही एके ठिकाणी त्यावर आक्षेप घेतला. कारणे शिवराळ भाषेची व पोलीसविरोधाची दिली गेली. शिव्या पुस्तकात भरपूर आहेत, हे मान्य. पण स्टारचा मामा कार्लोस स्वतः पोलीस आहे, वडील तुरुंगात असताना त्यानेच तिला बापासारखे सांभाळले, आणि लेखिकेने त्याला सन्मानाने रंगवले आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी तेवढी पाने तरी वाचली असती तर बरे झाले असते.

पुस्तकाचे नाव टुपॅक शकूर या गायकाच्या एका सूत्रावरून घेतलेले आहे. समाज लहान मुलांच्या ओंजळीत जो द्वेष घालतो तो पुढे सर्वांनाच भोगावा लागतो, असा त्याचा भाव. मला राहून राहून वाटते की, द्वेषाइतकाच मुलांच्या ओंजळीत आपण संकोचही घालतो, आणि तो घालताना हात आखडत नाही, कारण त्याला आपण चांगल्या सवयी म्हणतो.

नोकरीच्या आरंभीच्या काळातील, १९८६ च्या सुमाराची गोष्ट येथे लिहिणे प्राप्त आहे. पश्चिमेकडच्या एका जिल्ह्याच्या कचेरीत मी होतो. आमच्यात एक नवे सहकारी आले. ते सरगुजाकडील, उरांव समाजातले. त्यांची हिंदी इतकी शुद्ध, पुस्तकी होती की, आमच्या माळव्याकडच्या ढिसाळ हिंदीला ती लाज आणी. टिपणी ते इतके नेटके लिहीत की, मी माझी कागदपत्रे पुढे पाठवण्याआधी त्यांना दाखवून घेई. डबाही आम्ही एकत्र खात असू. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या घरून ट्रंक कॉल येई. गावात फोन नव्हता. आई तहसीलच्या टपाल कचेरीत येऊन बोले. तेव्हा ते कुडुखमध्ये बोलत, आणि त्या बोलण्यात त्यांचा आवाजच निराळा होई, सैल आणि मोठा. तसे हसतानाही मी त्यांना एरवी पाहिले नव्हते.

एकदा दुपारच्या चहाला एका वरिष्ठ सहकाऱ्याने त्या बोलण्याची नक्कल केली. हुबेहूब नव्हती, नुसते आवाज होते. आरक्षणातून आलेल्यांविषयीही तो काहीबाही बोलला. सगळे हसले. मीही हसलो. मला हसू आले होते असे नव्हे. मी तेथे नवा होतो, आडनावावरून आणि उच्चारांवरून माझीही अधूनमधून फिरकी घेतली जात असे, आणि त्या दिवशी ती दुसऱ्याची चालली होती. दाराकडे पाहिले तेव्हा ते हातात फाइल घेऊन उभे होते. फाइल टेबलावर ठेवून ते गेले.

आमच्या बोलण्याचालण्यात पुढे काही फरक पडला नाही. डबाही एकत्रच खात राहिलो. ते तितक्याच आदराने वागत, माझी टिपणे तपासून देत. फरक इतकाच पडला की, घरून फोन आला की ते हिंदीतून बोलू लागले. पलीकडे त्यांची आई असे. तिला हिंदी फारशी येत नसावी, कारण ते एकेक वाक्य दोनदा-तीनदा म्हणत, प्रत्येक वेळी अधिक सावकाश, आणि मग थोडा वेळ नुसतेच फोन कानाला लावून उभे राहत.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. नंतरही बैठकांच्या निमित्ताने भोपाळला आमची गाठ पडे. चहा होई, मुलाबाळांची चौकशी होई. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्याचे विभाजन झाले, त्यांची सेवा छत्तीसगडकडे वर्ग झाली आणि भेटी थांबल्या. त्या चहाच्या दुपारीविषयी त्यांच्याशी बोलायला मला चौदा वर्षे मिळाली होती. मी बोललो नाही.